चुकायचं कसं

टॉडमॉर्डनच्या बोलिंग क्लबात सिनेमा आला
तेव्हा मी औषधांच्या दुकानातून दोन दिवस रजा काढली.
प्रेक्षक हवे होते, तिसऱ्या रांगेत, कोट घालून,
दिवसाला नव्वद पाउंड, वर जेवण.
हसायचं कधी, हळहळायचं कधी,
ते एक पोरगी पुठ्ठ्यावर लिहून दाखवणार.

गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे.
मोडका क्लब, त्या जागी कार पार्क होणार,
आठ म्हाताऱ्यांची टीम, एकाला धड दिसत नाही,
दोघे सख्खे भाऊ, वीस वर्षं अबोला,
आणि कप जिंकला तरच छप्पर राहणार.
आधी सगळे मजेशीर हरतात,
मध्ये कुणीतरी रुसून जातं,
शेवटी एक बॉल उरतो.
शेवट आम्हाला सकाळी नऊलाच कळला, चहाबरोबर.

हिरो लंडनचा. देखणा. बॉल असा धरायचा
जसं कुणी दुसऱ्याचं तान्हं मूल धरावं.
म्हणून हातांपुरते विल्फ ॲक्रॉइड,
वय एक्क्याऐंशी, चार वेळा व्हॅलीचे चॅम्पियन.
त्यांच्या गोळ्या दरमहा मीच बांधून देते,
कशाकशाच्या, ते सांगणार नाही.
हिरोच्या पात्राला शकुनाचा लाल लोकरी मोजा.
तो विल्फनी चढवला.

हे मैदान सपाट नसतं.
मधोमध फुगलेलं, पुरी तळताना फुगते तसं,
आणि बॉल एका अंगाला जड,
सरळ सोडला तरी वळणार.
विल्फना एवढंच करायचं होतं: चुकायचं.
बॉल जॅकला सोडून, नाली ओलांडून
सँडविचच्या टेबलाच्या पायावर.

पहिला टेक. बॉल निघाला, उंचवट्याला वळसा घातला,
आणि जॅकला जाऊन टेकला, वासरू गाईला टेकतं तसा.
"सुंदर," दिग्दर्शिका म्हणाली, "आता जरा वाईट."
दुसरा. टेकला.
पाचवा. टेकला.
आठव्याला त्यांनी डोळे मिटले.
टेकला.
पोरीच्या हातातला "अरेरे" लिहिलेला पुठ्ठा
थंडीनं भिजून वाकला.
विल्फ खजील. "बाई, हात ऐकत नाही."
सत्तर वर्षं त्या हाताला एकच गोष्ट शिकवलेली.

मी का उठले, देव जाणे.
साताऱ्यात गल्लीत गोट्या खेळायचे तेव्हा
हरलेल्यानं कोपरानं गोटी ढकलत न्यायची असे;
माझी दोन्ही कोपरं उन्हाळाभर सोललेली असत.
"मला द्या," म्हटलं, "मला येतं."
मोजा मोठा होता. आतून विल्फच्या हातासारखा ऊबदार.
टेबलाकडे पाहिलंसुद्धा नाही.
पाय मोडला, काकडीचे सँडविच हवेत,
पाद्र्याच्या भूमिकेतल्या माणसाच्या टोपीत अंडं.
एका टेकमध्ये ओके.

शेवटचा जिंकणारा बॉल विल्फनी टाकला,
पहिल्याच फटक्यात, चहा अर्धा सोडून.
आम्ही टाळ्या वाजवल्या, पुठ्ठ्याची वाट न पाहता.

वर्षानं सिनेमा लागला. आम्ही सगळे गेलो, रांगच्या रांग.
माझ्या चुकीला थिएटर गडगडलं.
विल्फचा बॉल मात्र नव्हता.
त्या जागी कॉम्प्युटरचा एक बॉल, डगमगणारा,
खड्ड्याच्या काठावर थबकणारा, वाऱ्यानं ढकललेला.
त्यांचा म्हणे खरा वाटेना.
विल्फ काही बोलले नाहीत. पॉपकॉर्न माझ्याकडे सरकवला.

गुरुवारी संध्याकाळी क्लबावरून जात होते.
विल्फ एकटे. नालीपलीकडे एक खुर्ची मांडलेली,
खुर्चीवर बशी, बशीत एक सँडविच.
"तू कशी चुकलीस ते दाखव," म्हणाले.
मी दाखवलं. खुर्ची पडली.
मग त्यांनी मान डोलवली, खुर्ची उभी केली,
माझ्यासारखेच वेडेवाकडे उभे राहिले,
खांदा पाडला, नजर भलतीकडे,
आणि बॉल सोडला.

तो खुर्चीच्या दिशेनं निघाला, खरंच निघाला.
मी श्वास धरला.
मग उंचवट्यापाशी त्याला काहीतरी आठवलं.